सत्तेचाळीस खुणांचा बॅकअप

८ जुलै, मंगळवार

फिजिओथेरपीच्या बाईंनी सांगितलं, बाबांचं रोज काय झालं ते लिहून ठेवत जा. मी कामाला जाते त्या गोदामात चार पानं लिहून टाकून दिलेलं एक रजिस्टर होतं, तेच उचलून आणलं. तर आज: उजवा हात कोपरापर्यंत उचलला. पेज घेतली. बोलणं: "नाय". चहा देऊ का? नाय. नको का? नाय. टीव्ही लावू? नाय. बंद करू? नाय. मे महिन्यात झटका आला आणि आम्ही त्यांना इलाजासाठी आमच्या घरी आणलं, तेव्हापासून हा एकच शब्द त्यांच्या तोंडात राहिलाय आणि तोच ते सगळ्याला वापरतात. बाईंनी विचारलं, आधी काय काम करायचे? म्हटलं, मोरा बंदरात तांडेल होते. त्यांना कळलं नाही. मग सांगितलं, बोट आणि सगळे खलाशी ज्याच्या शब्दावर चालतात तो.

कुंदन आला होता. माझा धाकटा भाऊ, एकोणतीस वर्षांचा घोडा, पण बाबांसमोर अजून दारातच उभा राहतो. खिशातून बाबांचा जुना फोन काढून माझ्या हातात ठेवला. स्क्रीनवर हिरवी रेघ, आणि दिवसातून पाच-सहा वेळा आपोआप बंद पडतो.

"ताय, यातल्या खुणा काढून दे," म्हणाला. "मंग हा मेला तरी चालंल."

दर्यात कुठे खडक आहे, कुठे जाळं टाकायचं, कुठे अजिबात टाकायचं नाही, ते सगळं बाबा त्यातल्या नकाशाच्या अॅपमध्ये बोटाने खूण करून ठेवायचे. ते अॅप बनवणाऱ्यांनी दुकान कधीच बंद केलं, नव्या फोनवर मिळत नाही. कुंदन म्हणतो, खुणा मिळाल्या तर यंदा तो तांडेल म्हणून बोट काढणार. नाही मिळाल्या तर बोट तुळशीरामकाकांना देऊन टाकणार आणि पोर्टात नोकरी बघणार. काका रोज विचारतायत.

"मी आंधला जाऊन जाली फाडू काय?"

म्हटलं, मी काय करणार त्यात? तर म्हणतो, तुझ्याच नवऱ्यानं तो फोन रूट का काय केलाय, त्यालाच विचार.

११ जुलै, शुक्रवार

बाबा: जिन्याच्या तीन पायऱ्या. छान.

अवधूतला विचारलं. फोन भरला म्हणून बाबा दोन वर्षांपूर्वी कटकट करत होते, तेव्हा ह्यानेच यूट्यूबवर बघून तो रूट केला होता. म्हणजे कंपनीने फोनला घातलेलं कुलूप तोडून आपण मालक व्हायचं. मग नकाशे मेमरी कार्डावर ढकलले. फोन दोन दिवस आमच्याकडे होता. आता विचारलं की कसं केलंस, तर म्हणतो, "आठवत नाही गं, ज्याने दाखवलं त्याचं चॅनलच बंद झालं." यार्डात चाळीस टनी क्रेन चालवणारा माणूस. हातातला फोन उलटा-सुलटा करत बसला होता.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण ती सारखी डोक्यात येते. आमच्याकडे खुणा मुलीला सांगत नाहीत. मुलगी उद्या दुसऱ्या गावच्या बोटीच्या घरात जाते. मी तशीच गेले, करंजाला. सासरी थोरले दीर बुधाजीदादा, त्यांची बोट मोठी आहे. लग्नाआधीही मी बोटीवर डबा घेऊन गेले की बाबा बोलता बोलता थांबायचे आणि खलाशांना हवापाण्याचं विचारायचे. मला कधी त्याचं वाईट वाटलं नाही. आता तो फोन माझ्या पर्समध्ये आहे, चार्जर आणि टिफिनच्या मध्ये.

१२ जुलै, शनिवार

झालं!! अवधूतची रात्रपाळी होती म्हणून सकाळी दोघं बसलो. फाइलींचं एक अॅप आहे, ते उघडलं की फोन विचारतो, सगळे अधिकार देऊ का? हो म्हटलं की आतली सगळी दारं उघडतात. त्यात नकाशाच्या अॅपचं फोल्डर सापडलं, त्यात एकच छोटी फाइल. तीच खुणांची. मी ती उचलून 'एसडीकार्ड' लिहिलेल्या जागी ठेवली. बॅकअप झाला. कार्ड काढून डबीत, डबी देव्हाऱ्याखाली. कुंदनला फोन केला, तो म्हणाला, "ताय, तू लय हुशार." असं तो आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला असेल.

१३ जुलै, रविवार

कार्ड माझ्या फोनमध्ये घातलं. त्यात गणपतीचे फोटो, कुणाच्या तरी हळदीचे व्हिडिओ आणि नकाशाची चित्रं. खुणांची फाइल नाही. कार्ड नसताना जुना फोन उघडला तर नकाशा कोरा, नुसता निळा. मग तो बंद पडला आणि दोन तास चालूच झाला नाही. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

अवधूत म्हणतो, "अगं, एसडीकार्ड म्हणजे कार्ड नव्हे बहुतेक." बहुतेक! मग काय?

१५ जुलै, मंगळवार

अर्धी रजा टाकून लाईन आळीत गेले. तिथे एका गाळ्यात उदयसिंह म्हणून मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. डोळ्याला भिंग, तोंडात बडीशेप. फोन चालू केला त्याने, बॅटरी बदलून. माझा जीव भांड्यात पडला.

"मॅडम, टेन्शन नाय घ्यायचं. रूटेड आहे म्हणून तर निघेल. नायतर अंदरचा माल बाहेर येतच नाय."

मग त्याने मला फोनच्या आतलं समजावलं. मी त्याच्या बिलाच्या कागदावर लिहून घेतलं, तेच इथे उतरवते, परत विसरेन म्हणून. एक, प्रत्येक अॅपची स्वतःची कुलूपबंद खोली. खुणा तिथे. ती फक्त रूटमुळे उघडते. दोन, फोनची आपली मोठी जागा, जिथे फोटोबिटो असतात. ती फोनच्या आतच आहे, पण फोन तिला 'एक्स्टर्नल' म्हणतो आणि नाव देतो एसडीकार्ड. तीन, खरं कार्ड, जे नखाने निघतं. त्याचं नाव नुसते आकडे.

"म्हणजे आत आहे, पण बाहेरचं म्हणतात?"

"हां."

"का?"

"आधीपासून तसंच आहे, मॅडम."

कळंबोलीच्या गोदामात कुठली स्टीलची कॉइल कुठल्या रांगेत आहे ते मी डोळे मिटून सांगते. तिथे आतल्या मालाला कुणी बाहेरचा म्हटलं तर मालक त्याला घरी बसवेल. म्हणजे मी शनिवारी खुणा फोनच्या एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात ठेवल्या होत्या. फोन गेला असता तर दोन्ही खिसे गेले असते.

बाबा: आज चालवलं नाही. माझीच चूक.

२० जुलै, रविवार

उदयसिंहने फाइल खऱ्या कार्डावर घेतली, आणि त्यातून खुणा काढून माझ्या फोनवरच्या दुसऱ्या एका नकाशावर टाकून दिल्या. घरी येऊन दार लावून बघितल्या. सत्तेचाळीस. लाल ठिपके. काहींवर फुली, त्या खडकांच्या असाव्यात. नावं कशी, तर 'जुनी', 'गोदू' (हे आईचं नाव!), 'उंच', 'तुटकी', 'कुंदन पडला ती'. मला कुणाची पत्रं चोरून वाचल्यासारखं झालं. माझ्या नावाची, 'समृद्धी' अशी खूण मी शोधली. नाही.

पण काहीतरी गडबड आहे. 'उंच' नावाची खूण द्रोणागिरीच्या डोंगरावर पडलीये. डोंगरावर जाळं टाकत होते का बाबा? आणि सगळ्या खुणांवर बदल केल्याची तारीख बघितली, तर सगळ्या एकाच आठवड्यातल्या, दोन वर्षांपूर्वीच्या. तीस वर्षांच्या खुणा एका आठवड्यात कशा होतील? कॉपी करताना काहीतरी बिघडलंय.

बाबांना फोन दाखवला, ही जागा बरोबर आहे का? "नाय." ही? "नाय." आता 'नाय'चं काय घेऊन बसायचं, ते पाण्यालाही नाय म्हणतात. मग डाव्या हाताने माझं बोट धरून स्क्रीनवरून बाजूला ढकललं. दोनदा. मला वाटलं त्यांना संडासला जायचंय, म्हणून उठवलं. तर नव्हतं जायचं. चिडले.

२२ जुलै, मंगळवार

उदयसिंह: "डेटा करप्ट." कार्ड जुनं आहे, त्याच्यावर विश्वास नाही म्हणाला. परत पहिल्यापासून. कुलूपबंद खोलीतून थेट त्याच्या कॉम्प्युटरवर आणि तिथून माझ्या फोनवर घेतलं, कॉम्प्युटरवरचं माझ्यासमोर पुसलं, कार्डाला हातही लावला नाही. घरी येऊन बघते तर 'उंच' परत डोंगरावर. त्याच जागी, त्याच झाडीत.

मला कळत नाही. एक कॉपी बिघडली असेल. दोन कॉप्या दोन वाटांनी आल्या आणि तंतोतंत सारख्याच कशा बिघडतील? गोदामात दोन रजिस्टरांत एकच चूक सापडली तर मी कॉम्प्युटरला नाही, माणसाला धरते. पण इथे माणूस कोण? मग वाटलं, बाबांच्या फोनचं जीपीएसच खराब असणार. उदयसिंहलाही ते पटलं. त्याला मी काहीही बोलले की पटतं.

२७ जुलै, रविवार

आई आली मोऱ्याहून, सुकट आणि बोंबील घेऊन. तिला म्हटलं, बाबांनी तुला कधी सांगितल्या होत्या का गं जागा?

"तुजा बापूस मना काय सांगल? चालीस वर्सां झाली. घरान आला का पयला गप जेवाचा, मंग झोपाचा."

"तुझ्या नावाची एक खूण आहे त्यात."

ती थांबली. मग म्हणाली, "खडक असल." पण लाजली होती, मी बघितलं.

अवधूतने आज स्वतःहून खुणांची फाइल त्याच्या फोनवर घेतली. म्हणाला, बॅकअप एकाच ठिकाणी नसावा, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. किती बरं वाटलं मला. आता चार ठिकाणी आहे: जुना फोन, कार्ड, मी, अवधूत. बुधाजीदादांचेही या आठवड्यात तीन फोन आले, बाबा कसे आहेत, काही बोलतात का, कुंदनचं काय ठरलं. एरवी दिवाळीलासुद्धा स्वतःहून फोन न करणारा माणूस. आजारपणात माणसं जवळ येतात ते असं.

२९ जुलै, मंगळवार

बाबांनी आज वाटी फेकली. मी फक्त अवधूतला हाक मारून म्हटलं होतं, तुझी कॉपी उघडते का बघ. आमटी भिंतीवर. एवढा राग का? फिजिओच्या बाई म्हणतात, झटक्यानंतर चिडचिड होते, मनाला लावून घेऊ नका. मी घेतलं लावून. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मासेमारीची बंदी उठली. कुंदनने तुळशीरामकाकांना नाही म्हणून सांगितलं! बोट तोच काढणार. मी त्याला 'उंच'बद्दल सांगितलं, तो म्हणाला एखादी इकडंतिकडं असल, बाकीच्या हायेत ना. मग चाललास का आज? तर म्हणतो, "पुनवेला नारल दिल्याशिवाय आमी दर्यात जात नाय. बाबा कधी गेला नाय, मी कसा जाऊ?" नारळी पौर्णिमा आठ तारखेला. करंजाच्या काही बोटी आजच निघाल्या म्हणे. ज्याची त्याची घाई.

३ ऑगस्ट, रविवार

भांडी तशीच टाकून लिहायला बसले.

दुपारी जेवताना अवधूतचा फोन वाजला. बुधाजीदादा. इतक्या मोठ्याने की स्पीकरची गरजच नव्हती.

"तुज्या सासऱ्यानं फसवला रं मना! फुली नाय तिथं खडक! अर्दा जाला खाली रवला, अर्दा फाटला!"

अवधूतचा घास हातातच राहिला. मी त्याच्याकडे बघत होते. तो माझ्याकडे बघत नव्हता.

"तू दिल्यास त्यांना खुणा?"

"दादा मागत होता गं. नुसत्या बघायला. मला वाटलं, बॅकअपच आहे, आणखी एका ठिकाणी असला तर काय..."

"बॅकअप!"

"समृद्धी, खरंच मला..."

आणि तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. मी घाबरून वळले, परत झटका आला वाटलं. बाबा हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि घशातून खों खों. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. आई इथे असती तर तिने दृष्ट काढली असती. मी काय करावं ते कळेना, म्हणून त्यांचं तोंड पुसलं.

४ ऑगस्ट, सोमवार

कामावर गेले नाही. बसून विचार केला, तेव्हा एकेक उलगडलं. मी किती मूर्ख आहे.

फाइल बिघडली नव्हती. कार्ड नाही, जीपीएस नाही, उदयसिंह नाही. कॉपी अगदी बरोबर होती, पहिल्या दिवसापासून. बाबांनीच खुणा खोट्या करून ठेवल्या होत्या. प्रत्येक ठिपका बोटाने धरून त्याच्या जागेवरून सरकवला होता. म्हणून 'उंच' डोंगरावर. म्हणून दोन्ही कॉप्यांत तीच चूक. खरं कुठे आहे ते डोक्यात, फोनमध्ये नाही. आणि मी महिनाभर त्या खोट्या ठिपक्यांना जपत, डबीत घालून देव्हाऱ्याखाली ठेवत होते.

आणि तारीख. तो आठवडा मी कॅलेंडरवर काढून बघितला. आमच्याकडून, अवधूतकडून, फोन रूट होऊन परत गेला तोच आठवडा. दोन दिवस फोन जावयाच्या हातात राहिला, म्हणून त्यांनी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस खुणा हलवल्या. बाबांना राग आला असेल तर त्यांना अधिकार होता. पण मला फार लागलं. माझ्या घरामुळे. माझ्यामुळे.

त्यांच्यापुढे जाऊन बसले. विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्या घराच्या भीतीने सरकवल्यात ना?"

"नाय."

आता याचं मी काय करू? त्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही.

अवधूतशी बोलत नाहीये. त्याने स्वतःच्या फोनवरची फाइल माझ्यासमोर काढून टाकली, मी न सांगता. उपयोग काय? पण काढली.

५ ऑगस्ट, मंगळवार

कुंदनला फोन करून सगळं सांगितलं. त्याने आधी बोटीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "मी पुनवेला त्याच खुणांवर जानार होतो ताय." आणि मग म्हणाला, तुळशीरामकाकांना परत फोन करतो.

म्हटलं, तीन दिवस थांब. का म्हटलं कोण जाणे. माझ्याकडे काय होतं?

६ ऑगस्ट, बुधवार

हे नीट लिहायचंय.

आज बाबांना खिडकीशी बसवलं आणि माझा फोन त्यांच्या मांडीवर ठेवला. माझ्या बोटाने पहिली खूण दाबली. म्हटलं, बाबा, खरी कुठे? त्यांनी डाव्या हाताने माझं बोट धरलं. गेल्या महिन्यात ढकललं होतं तसंच. पण मी उठले नाही, संडासला न्यायला गेले नाही. बोट सैल सोडलं. त्यांनी ते सरकवलं, अगदी हळू, आणि एका जागी सोडलं. मी तिथे नवा ठिपका टाकला. दुसरी खूण. परत तसंच. तिसरी मात्र दुसरीकडेच नेली. मी गोंधळले. नकाशा लहान-मोठा केला की अंतर बदलतं हेही मला उशिरा सुचलं, म्हणून पहिल्या पाच पुसून परत केल्या. ते थकले नाहीत. मीच थकले.

वीस-बावीस झाल्यावर मला नियम दिसायला लागला. पुढच्या खुणेला मी त्यांच्या आधीच बोट नेलं आणि वर बघितलं. त्यांनी डोळे मिटून मान हलवली. पुढची, तीही बरोबर. मग 'उंच' आली. मी ती डोंगरावरून उतरवून पाण्यात नेली, जिथे नियमाने यायला हवी तिथे. तिथे ओहोटीला खडकाचं टोक वर दिसतं, ते मी लहानपणी धक्क्यावरून बघितलंय. म्हणून 'उंच'! मी जोरात हसले. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. डावा, पण जड.

सत्तेचाळिसावी झाल्यावर मी फोन त्यांच्यापुढे धरला आणि नव्या खऱ्या खुणा सगळ्या पुसून टाकल्या. त्यांनी बघितलं. आता फोनमध्ये फक्त खोट्या आहेत, पहिल्यासारख्याच. नियम माझ्याकडे आहे.

मला सांगितलं त्यांनी. कुंदनला नाही, आईला नाही. मुलीला सांगत नाहीत ते मला सांगितलं. दिवसभर मला तेच वाटत राहिलं, आणि भाजी करपली.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नारळी पौर्णिमा. मोऱ्याला गेले, बाबांना अवधूतकडे सोपवून. त्याने स्वतःच म्हटलं, तू जा. जाताना दाराशी आला आणि म्हणाला, "मला काही विचारायचं नाही. मी विचारणार नाही." मी चपला घालत होते. म्हटलं, बाबांच्या गोळ्या दोन वाजता.

धक्क्यावर वाजतगाजत नारळ आला, सोनेरी कागदात. आईने माझ्याही केसांत वेणी माळली. दर्याला नारळ दिल्यावर कुंदनला बाजूला घेतलं, जाळ्यांच्या ढिगाआड. म्हटलं, बाबांनी सांगितलं.

"कुनाला?"

"मला."

त्याचा चेहरा पडला. मला वाटलं होतं तो नाचेल. "चार वर्सं मी त्याच्या बाजूला उभा रायलो," म्हणाला. "थंडीत, वाऱ्यात. मना एक जागा नाय सांगितली."

"तू विचारलंस?"

"तांडेलला कोन विचारतं?"

त्याचं दुखणं खरं होतं, आणि माझा आनंदही खरा होता, आणि दोन्ही एकाच गोष्टीतून आले होते. मी त्याचा हात धरला, बाबांनी माझा धरला होता तसा, आणि फोनवर त्याचं बोट नेलं. एक खूण, दुसरी, तिसरी. तो हळूहळू पुढे वाकला. सातव्या खुणेला म्हणाला, "थांब, मी नेतो." बरोबर नेलं. मग अकरावी चुकला, मी त्याच्या डोक्यात टपली मारली.

"व्हॉट्सअॅपवर पाठव ना नियम," म्हणाला.

"कुंदन!"

"हां हां, नाय."

तीनदा म्हणून घेतला त्याच्याकडून. मग तो माझ्या पाया पडला. धाकट्या भावाने पाया पडायची पद्धत आहेच, पण हा कधी पडला नव्हता.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. कुंदन पहाटेच निघाला म्हणून कालच बांधली होती. बाबा: जिन्याच्या दहा पायऱ्या. दिवसभर त्यांची नजर घड्याळाकडे. माझीही.

१० ऑगस्ट, रविवार

फोन लागत नाही. लागणारच नाही, खोल दर्यात रेंज कुठली? हे मला माहीत आहे आणि तरी मी अकरा वेळा लावला. नियम मला नीट कळला नसेल तर? बाबांनी मान हलवली ती होकाराची होती की थकव्याची? मी ठरवलं ती होकाराची. चुकले असले तर कुंदनचं जाळं खडकात, आणि दोष माझा. बुधाजीदादांचं फाटलं तेव्हा मला राग आला होता. आज त्यांची दया येते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

कुंदन आला, थेट धक्क्यावरून, अंगाला डिझेलचा वास. दारातूनच ओरडला, "जाली शाबूत!" आज दारात थांबला नाही, सरळ आत येऊन बाबांच्या कॉटवर बसला. कुठली खूण कशी निघाली ते एकेकीचं नाव घेऊन सांगत होता, मध्येच जीभ चावून अवधूतकडे बघत होता. अवधूत उठला, चहाचा कप घेऊन गॅलरीत गेला आणि दार ओढून घेतलं.

मग कुंदनने मूठ उघडली. तळहातावर पेनाने अक्षांश-रेखांशाचे आकडे लिहिले होते, घामाने थोडे पसरलेले. म्हणाला, "ही बाबाची नाय. माजी हाय. परवा गावली. काय मासली सांगू ताय!"

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"खलाशांना मी फिरवून फिरवून नेला, त्यांना नाय कलायचं. तुला सांगायला आलो. तू ठेव."

मी दोनदा वाचले, पाठ केले. त्याने बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतला. मी बाबांचा जुना फोन घेतला आणि अठ्ठेचाळिसावी खूण टाकली. नाव काय देऊ म्हटलं, तर कुंदन म्हणाला, "समृद्धी".

कुठे टाकली ते इथे लिहीत नाही.